म्हशीचं पाणी

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिल्यांदा आलं असेल की आईला काही झालं. आई ठणठणीत आहे. आत्ताच माझ्याशी भांडून स्वयंपाकघरात गेली, म्हणजे तब्येत उत्तम समज. फोनही बिघडलेला नाही. पण फोनवर मी विद्यापीठाचं नाव काढलं की तुझ्या रोपवाटिकेतल्या सगळ्या रोपांना नेमकी त्याच क्षणी तहान लागते आणि तू ठेवून देतेस. पत्र असं मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मग ते टेबलावरून तुझ्याकडे बघत राहतं. तेवढ्याच भरवशावर लिहायला बसले आहे.

बसले आहे म्हणायचं एवढंच. तुझ्या जुन्या खोलीच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकली आहे, मांडीवर जाड पुठ्ठा घेतला आहे, आणि दोन ओळी झाल्या की उठून जिन्यापर्यंत जाऊन येते आहे. आत का बसत नाही, ते शेवटी सांगेन. मला भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, निवृत्ती दाराशी आली तरी ते मला अजून बरोबर बसतं. पण ही घालमेल नेहमीची नाही. चहा करते आणि प्यायला विसरते. परवा वर्गात स्फटिक शिकवता शिकवता थांबले आणि पुढे काय सांगायचं होतं ते आठवेचना. मुलांना वाटलं बाई विचारात पडल्या, त्यांनी आदराने वाट पाहिली.

सुरुवातीपासून सांगते. विद्यापीठाचा महोत्सव आहे आणि त्यानिमित्त एक जाडजूड ग्रंथ निघतो आहे. सगळ्या विभागांनी आजवर केलेलं संशोधन एका ठिकाणी, चित्रांसकट. कुलगुरूंनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, तुम्ही निवृत्त होताय, तुम्हाला वेळ असेल. निवृत्त होणाऱ्या माणसाला वेळ असतो ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. तर गेले काही महिने मी विभागांच्या पायऱ्या झिजवते आहे. इतकी वर्षं एका आवारात राहून मला शेजारी काय चालतं याची गंधवार्ताही नव्हती. भूशास्त्रवाले दगड घासून घासून असा पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जातो, आणि मग त्या रंगांवरून पर्वत कधी वर आला ते सांगतात. पुरातत्त्ववाल्यांना खणताना जळकं धान्य सापडलं, ते ओळखायला वनस्पतिशास्त्राकडे गेलं, वय काढायला आमच्या पदार्थविज्ञानाकडे आलं, आणि श्रेय तिघांनीही आपापल्या पानावर पूर्ण घेतलं आहे. प्राणिशास्त्र आणि कृषी विभाग एकाच किड्यावर हक्क सांगतात. किड्याला कुणी विचारत नाही. माशांना ऐकू कसं येतं यात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ आहेत, ते स्वतः आता कानाला यंत्र लावतात आणि त्यावर स्वतःच हसतात. गणितवाल्यांनी सांगितलं, आमचं योगदान दिसत नाही, एक पान कोरं सोडा. मी ते थट्टा समजले होते. ते खरंच म्हणत होते.

मला हे सगळं आवडत होतं, ताई. खोटं कशाला बोलू. एकेका खोलीत एकेक माणूस एकाच गोष्टीला आयुष्यभर चिकटून बसलेला पाहिला की मला आपल्या धंद्याचा अभिमान वाटायचा. मग वनस्पतिशास्त्राची पानं आली. विभागप्रमुख तरुण आहे, तू सोडून गेलीस तेव्हा शाळेत असेल. त्याने मन लावून लिहिलं होतं. पण तुझी वर्षं जिथे यायला हवी होती तिथे तो एका झाडावरून थेट दुसऱ्या झाडावर गेला होता. मी विचारलं, मधलं शेवाळ कुठे गेलं. तो ओशाळला. म्हणाला, ते मागे घेतलेलं काम आहे ना, मॅडम? उद्धटपणे नाही म्हणाला. मी पानं उचलली आणि निघाले.

तुझी गोष्ट तुलाच सांगते आहे म्हणून चिडू नकोस. मला ती ओळीने मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तू खडकांवरून काळी पापडी खरवडून आणायचीस, ती वाळवायचीस, कागदाच्या पुड्यांत बांधून वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचीस. मग त्यातली एक काढून काचेच्या बशीत डिस्टिल्ड पाण्यात सोडायचीस, आणि दोन-तीन दिवसांत ती मेलेली काळी पापडी हिरवीगार व्हायची. सगळ्यांचं शेवाळ थोडंफार हिरवं होतं, पण इतकी वर्षं कोरडं राहून इतक्या लवकर नाही. तुझा लेख छापून आला. आई तो उलटा धरून शेजारणींना दाखवायची, कारण चित्र उलटं जास्त छान दिसतं असं तिचं मत होतं. मग परदेशातून पत्रं यायला लागली की आमच्याकडे होत नाही. तू म्हणालीस, इथे या, दाखवते. मग विभाग नव्या इमारतीत गेला आणि तुझ्याकडेही होईना.

तू काय काय केलंस ते मला ठाऊक आहे. भिंतींच्या रंगावर संशय घेतलास. खिडकीच्या उजेडावर घेतलास. बशा पुन्हा जुन्या इमारतीत नेऊन जुन्या खिडकीत ठेवल्यास. स्वतःच्या हातांवर संशय घेतलास, साबण बदललास. काही हिरवं झालं नाही. मग कुणी सांगितलेलं नसताना, कुणी बोट दाखवलेलं नसताना तू बसून चार ओळी लिहिल्यास की माझा निष्कर्ष मला पुन्हा मिळत नाही, म्हणून मी तो मागे घेते. आणि महिनाभरात नोकरीही सोडलीस. लोकांना वाटलं तू काही लबाडी केली होतीस आणि ती उघडकीला आली. मला मात्र तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं की त्या सबंध इमारतीत त्या दिवशी एकच खरा शास्त्रज्ञ होता आणि तो पेटी उचलून फाटकाबाहेर गेला. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं. आता म्हटलं.

आता म्हशीकडे येते. आठवते ना म्हैस? रसायनशास्त्राच्या मागच्या शेडमधलं ते पाणी उकळायचं धूड. पोटात पाणी उकळायचं, वाफ वेटोळ्या नळीतून थंड व्हायची आणि खालच्या तोटीतून थेंब थेंब डिस्टिल्ड पाणी पडायचं. सबंध विद्यापीठाला तेवढं एकच. सकाळी सगळ्या विभागांची माणसं दुधाला यावीत तशी कॅन घेऊन रांगेत उभी, म्हणून तिचं नाव म्हैस. आज म्हैस आटली आहे, आज म्हैस लाथा मारते आहे, अशा बातम्या तिथूनच निघायच्या. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. माझ्या प्रयोगशाळेचा पांढरा कॅन आणि तुझा निळा, दोन्ही मीच भरून आणायची. त्या रांगेत मला जेवढं विज्ञान कळलं तेवढं वर्गात कळलं नाही, आणि बाकीच्या भानगडीही तिथेच कळल्या. तुझा कॅन घेऊन मी वर यायची तेव्हा तू बशांवर वाकलेली असायचीस आणि खोलीभर तो वास असायचा, तापलेल्या अंगणात कुणी बादली उपडी केल्यासारखा. तो तुझ्या हातांनाही लागायचा. संध्याकाळी तू पानावर बसलीस की आई तुला उठवायची, आधी हात धुवून ये म्हणून. धुवून आलीस की पुन्हा वास घेऊन बघायची आणि पुन्हा पाठवायची.

मागच्या महिन्यात मी रसायनशास्त्राची पानं आणायला गेले. तिथले जुने प्रोफेसर, ज्यांना आपण आंबट सर म्हणायचो, ते निवृत्त होऊनही रोज येतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात. विभागाची पानं त्यांनीच लिहिली आहेत. औषधं, रंग, एक गंज न चढणारा लेप, सगळं होतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने एक परिच्छेद जोडला होता की आमच्या विभागाने संपूर्ण विद्यापीठाला शुद्ध पाणी दिलं. मी हसले. म्हटलं, सर, पाणी हे काय संशोधन आहे? ते भडकले. म्हणाले, "तुम्ही सगळे ज्याला डिस्टिल्ड म्हणून पीत होतात ना, त्यात अर्धा कारखाना विरघळलेला होता. त्या म्हशीच्या पोटाला आतून काय काय लागलं होतं, विचारू नका. मी भांडून भांडून काचेचं यंत्र आणलं तेव्हा कुठे आमची मोजमापं जागेवर आली."

मी सहज विचारलं, कधी आणलंत? त्यांनी सांगितलं. ताई, ती तीच सुट्टी होती. ज्या सुट्टीत तुमचा विभाग नव्या इमारतीत गेला तीच. सुट्टी संपली तेव्हा माझा अभ्यासक्रमही संपला होता, मी पुढच्या कामाला दुसऱ्या गावी गेले होते, कॅन भरायला दुसरं कुणी जायचं. आणि तुझ्या लेखात, मी परत येऊन ताबडतोब काढून वाचला, पाण्याबद्दल दोनच शब्द आहेत. डिस्टिल्ड पाणी. माझ्या प्रत्येक लेखात तेच दोन शब्द आहेत. आंबट सरांच्याही असतील. परदेशातल्या त्या लोकांनीही तेच दोन शब्द वाचले आणि त्यांच्या स्वच्छ यंत्रातलं स्वच्छ पाणी घेतलं. पाण्याबद्दल आमच्यापैकी कुणी कधी जास्त लिहीत नाही. तू भिंतींवर संशय घेतलास, उजेडावर घेतलास, स्वतःवर घेतलास. पाण्यावर घेतला नाहीस, कारण पाणी बिघडलं नव्हतं, सुधारलं होतं. सुधारलेल्या गोष्टीवर कोण संशय घेतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी स्वतः रोज जिने चढून तुझ्या टेबलावर आणून ठेवत होते.

त्यानंतर मी जी धावायला लागले ती अजून थांबलेली नाही. म्हैस कुठे गेली याचा शोध घेतला. कुणी म्हणे भंगारात गेली, कुणी म्हणे वितळवली. शेवटी ती कार्यशाळेच्या मागे मोडक्या बाकांखाली सापडली, आणि माझ्या आधी प्रदर्शन समितीला सापडली होती. महोत्सवासाठी तिला मुख्य इमारतीच्या दारात ठेवायचं ठरलं होतं, आतून-बाहेरून आम्लाने धुवून, घासून, चकचकीत करून. आतून धुवून! मी कुलगुरूंकडे गेले आणि सांगितलं की ग्रंथात हिच्यावर एक टिपण घालायचं आहे, ते होईपर्यंत हिला कुणी हात लावू नका. त्यांनी विचारलं, टिपण लिहायला यंत्र घरी न्यावं लागतं का? मी म्हटलं, मला जवळून पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. खोटं नव्हतं अगदी. हातगाडीवर घालून आणली. आईने दार उघडलं, तिला बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "आणलीस ती आणलीस, आता हिला घालायचं काय?"

पाणी घातलं, दुसरं काय. दिवसभर शेगडीवर म्हैस आणि आम्ही दोघी शेजारी बसलेल्या. आई म्हणत होती, स्वयंपाक कुठे करायचा. मी म्हणत होते, करू नकोस. संध्याकाळपर्यंत एक निळा कॅन भरला. तोच नाही, नवा आणला, पण निळाच आणला.

वनस्पतिशास्त्राच्या संग्रहात तुझ्या पुड्या अजून आहेत. तुझ्या अक्षरातल्या, तुझ्या त्या चौकोनी गाठीच्या. त्या तरुण विभागप्रमुखाने कपाट उघडून दिलं आणि काही विचारलं नाही. मला तो आता आवडायला लागला आहे. आंबट सरांनी काचेच्या यंत्राचं पाणी दिलं आणि वर सुनावलं की माझं पाणी बदनाम झालं तर याद राख. आमच्या विभागातून मी तापमापक घेतला. मग संख्याशास्त्राकडे गेले. तिथे आम्ही ज्यांना कदाचित म्हणतो ते आहेत, कारण जेवलात का विचारलं तरी ते कदाचित म्हणतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की पुड्या फार जुन्या आहेत, म्हैस इतकी वर्षं कोरडी पडली आहे, तेव्हा काहीच झालं नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. झालं, तर मात्र पुष्कळ सिद्ध होईल. आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही मोजू नका. तुम्हाला ते खरं व्हायला हवं आहे."

हवं आहे, ताई. मला ते इतकं हवं आहे की माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. मला तुझं पान त्या ग्रंथात हवं आहे, किड्यावरून भांडणाऱ्या त्या सगळ्यांच्या मधे. पण त्याहून जास्त हे हवं आहे की तू सकाळी रोपांना पाणी घालताना, हातात झारी असताना मधेच थांबतेस ना, मी पाहिलं आहे तुला, ते थांबणं सुटावं. आणि हेही कळतं की दुधाने तोंड पोळलेल्या माणसाच्या हातात मी पुन्हा पेला देते आहे, तोही गरम आहे की नाही हे न पाहता. हे पत्र मी चारदा फाडलं ते याचसाठी. तुझी समजूत तू कशीबशी घातली आहेस, तुझी रोपं आहेत, गिऱ्हाइकं आहेत, दुपारची झोप आहे. मी कोण ती उसवणार? मग वाटतं, आपल्या कामात खरं काय ते कळल्यावर ते ज्याचं आहे त्याला न सांगणं ही दया नाही. तू स्वतः ती चार ओळींची माघार लिहिलीस तेव्हा स्वतःवर दया केली नव्हतीस.

तर आता ऐक, मी दाराबाहेर का बसले आहे. आत तुझ्या टेबलावर काचेच्या बशा मांडल्या आहेत, प्रत्येकीत तुझ्या पुड्यांतली पापडी. निम्म्यांत म्हशीचं पाणी आहे, निम्म्यांत आंबट सरांचं. कोणत्या बशीत कोणतं, ते फक्त कदाचितना माहीत आहे. त्यांनीच पाणी ओतलं, त्यांनीच आकडे टाकले, वरून पातळ पांढरं कापड घातलं आणि दार ओढून घेऊन गेले. तेव्हापासून आत कुणी गेलेलं नाही. कोणत्या बशीत काय ते मलाही माहीत नाही, म्हणजे नियमाने मीही बघू शकते. पण ते पहिलं बघणं तुझं आहे. तू ये, कापड उचल, काय दिसतं ते सांग. मी तुला कसलंही वचन देत नाही. कदाचित सगळ्या बशा काळ्याच निघतील, आणि मग आपण दोघी त्या धुवून ठेवू आणि मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. एवढंच लिहून पत्र संपवणार होते. पण आज सकाळी आई भिंतीला हात लावत इथून चालली होती. तिला आता हिरवं काय, काळं काय, काही दिसत नाही, आणि आत काय ठेवलं आहे हे मी तिला सांगितलेलं नाही, म्हणूनच तर भांडते आहे. दाराशी येऊन ती थांबली. नाक वर करून जरा वेळ उभी राहिली. मग माझ्यावर रागावून म्हणाली, "थोरली आली आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस? जा, तिला म्हणावं, आधी हात धुवून ये."

तुझीच,
भिंगरी